भिंतीखालचा प्रश्न

४ एप्रिल २०१३च्या संध्याकाळी ठाण्याजवळच्या शीळ फाट्यावरची सात मजली इमारत काही क्षणांत खाली बसली आणि ७४ माणसं गेली. इमारत बेकायदा होती. वर बांधकाम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर कुटुंबं राहायला आणलेली होती. गेलेल्यांत मुलं बरीच होती. पुढे बिल्डरांना अटक झाली, महापालिकेच्या अधिकाऱ्यांनाही झाली. त्या आठवड्यात ठाण्यात कुठेही जा, दोन वाक्यं हमखास कानावर पडायची. एक, "त्यांची वेळच आली होती." दुसरं, "त्या बिल्डरला देव सोडणार नाही." बहुतेक वेळा दोन्ही वाक्यं एकाच तोंडून यायची, लागोपाठ.

ती जोडी मला आजवर सोडत नाही. वेळ देवाने आणली असेल, तर बिल्डरला शिक्षा कशाची? आणि बिल्डरने आणली असेल, तर देव तेव्हा काय करत होता?

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. ठाणे, कोपरी, कळवा या भागातल्या जुन्या सोसायट्यांचं स्ट्रक्चरल ऑडिट हे माझं रोजचं काम. घरात वळण वारकरी, आईचा हरिपाठ ऐकत वाढले, आणि देव मी मनापासून मानते. त्यामुळे हा प्रश्न मला पुस्तकातून भेटला नाही. तो पिलरला हात लावताना भेटतो.

इमारत पडते ती एका कारणाने पडत नाही. आपल्या पट्ट्यात वर्षानुवर्षं खाडीची रेती वापरली गेली, मुंब्रा-कळव्याच्या रेतीबंदरांवरून यायची ती. नीट न धुता वापरली की तिच्यातलं मीठ काँक्रीटमध्ये जातं आणि आतली सळई गंजायला लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून सळई आतल्या आत फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येते. त्यात माल पटकन ओतता यावा म्हणून कोणी पाणी वाढवलेलं असतं. कोणी सिमेंट वाचवलेलं असतं. कोणी नकाशात नसलेला मजला चढवलेला असतो, कोणी तो पाहून मान फिरवलेली असते, आणि कोणी तरी कागदावर सही केलेली असते. ऑडिट करताना मला हे सगळे लोक दिसतात. यातला एकही जण बहुधा कुणाला मारायला निघालेला नव्हता. पण प्रत्येकाला त्या त्या क्षणी "नाही" म्हणता आलं असतं. हे "म्हणता आलं असतं" खरं नसेल, तर अटक, खटला, पश्चात्ताप, प्रायश्चित्त या सगळ्याला काही अर्थ राहत नाही.

देवाची बाजू मांडणाऱ्यांनी शतकानुशतकं हेच "म्हणता आलं असतं" पुढे केलं आहे. पेच जुना, ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावावर सांगितला जाणारा: देवाला वाईट थांबवायचं आहे पण जमत नाही, तर तो सर्वशक्तिमान कसा? जमतं पण थांबवायचं नाही, तर तो दयाळू कसा? चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीनने उत्तर दिलं की वाईट देवाने घडवलं नाही, ते माणसाच्या इच्छेने घेतलेल्या वळणातून येतं. १९५५ मध्ये जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने उलट विचारलं, की स्वतंत्र असूनही नेहमी चांगलंच निवडतील अशी माणसं देवाने का नाही केली? त्यावर १९७४ मध्ये आल्विन प्लँटिंगाचं उत्तर आलं, की दुसऱ्याने हमी देऊन घडवलेली निवड ही मग माझी निवड राहत नाही. पुढचा वाद फार बारीक आहे, त्यात मी शिरत नाही. मला तो माझ्या कामावरून समजतो. बिल्डरने सिमेंट खाल्लं की पिलरने आपोआप मजबूत व्हायचं, अशा जगात खोटा अहवाल इमारत पाडू शकणार नाही. पण तिथे खरा अहवाल लिहिण्यालाही किंमत उरणार नाही. मग माझ्या सहीवर कुणाचं काहीच अवलंबून नाही. अशा जगात मला राहायला आवडलं नसतं, हे मी खरंच सांगते.

गीतेत ही ओढाताण दोन श्लोकांच्या अंतरावर आहे. अठराव्या अध्यायाचा एकसष्टावा श्लोक म्हणतो, ईश्वर सर्वांच्या हृदयात बसून यंत्रावर चढवल्यासारखं भूतमात्रांना फिरवतो. आणि त्रेसष्टावा म्हणतो, "विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु". सगळं सांगून झालं, आता नीट विचार कर आणि तुला हवं ते कर. यंत्रावर बसलेल्याला असं कोण सांगतं? भाष्यकारांनी दोन्हींचा मेळ घातला आहे, तो मी वाचलाही आहे. तरी मला वाटतं, ऐन रणांगणावर, इतकं सगळं ऐकवल्यानंतर देवाने अर्जुनाचा हात धरून धनुष्य ओढलं नाही, ही गीतेतली सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

इथपर्यंत मला अडचण नाही. अडचण सुरू होते कोपरीतल्या एका तिसऱ्या मजल्यावर.

पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे महापालिका धोकादायक इमारतींची यादी लावते. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं राहत असताना दुरुस्ती, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, आणि सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. ती इमारत माझ्या मते सरळ सी-१ होती. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडलं. छताच्या सळ्या उघड्या पडलेल्या, खाली टेकू लावलेला, आणि टेकूच्या शेजारीच त्यांचं देवघर. "बसा मॅडम, चहा टाकते," म्हणाल्या. मी त्यांना स्वच्छ सांगितलं की हा पावसाळा इथे काढू नका. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जाऊ कुठे? भाड्याने गेलो आणि इथलं घर परत मिळालंच नाही, तर? मुलाची रिक्षा आहे, त्यात डिपॉझिट कुठनं आणायचं? तुम्ही तुमचं लिहा मॅडम. विठ्ठलाच्या मनात असेल ते होईल."

आमच्या क्षेत्रात अशा वेळी सहज म्हटलं जातं, "सांगूनही लोक ऐकत नाहीत, स्वतःच्या मर्जीने राहतात." मी त्या घरात बसून पाहिलेली मर्जी अशी होती: एका हाताला डोक्यावर छत पडण्याची भीती, दुसऱ्या हाताला छतच जाण्याची. आजींची निवड जिथे संपत होती, तिथून पुढच्या जागेला त्या विठ्ठलाची मर्जी म्हणत होत्या. आणि शीळ फाट्यावर ज्यांनी मजल्यावर मजला चढवला, त्यांच्यापुढे किती वाटा मोकळ्या होत्या! न बांधण्याची, कमी बांधण्याची, लोकांना आत न आणण्याची. स्वातंत्र्याची ही थोर देणगी सगळ्यांना सारखी मिळालेली दिसत नाही. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख, त्याच्याकडे ती भरपूर. ज्याच्याकडे काही नाही, त्याच्या वाट्याला तिचा तुकडा. एकाच्या स्वातंत्र्याची किंमत दुसरा जिवाने मोजतो, आणि मोजताना त्याला कुणी विचारलेलं नसतं.

म्हणून इच्छास्वातंत्र्याचं उत्तर मला खरं वाटतं, पण ते कोणाला द्यायचं हे ठरलेलं असलं पाहिजे. ते बिल्डरला द्यायचं, सही करणाऱ्याला द्यायचं, मला द्यायचं. ढिगाऱ्यापाशी बसलेल्या बाईला "देवाने माणसाला स्वातंत्र्य दिलंय ना, म्हणून असं होतं" असं सांगणं हे खरं असूनही अमानुष आहे.

आणि सगळ्याच भिंती माणसाच्या लबाडीने पडत नाहीत. १९९३ची अनंत चतुर्दशी मराठवाड्यातल्या कुणालाही विचारा. गणपती विसर्जन करून, दमून भागून गावं झोपली, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. सुमारे १० हजार माणसं गेली. संध्याकाळी "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणून देवाला निरोप दिलेल्या घरांत पहाटे निरोप द्यायला माणूस उरला नव्हता. असंच १ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालमधल्या लिस्बन शहरात झालं होतं. सर्व संतांच्या सणाची सकाळ, चर्च भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप आला, मागोमाग समुद्र आत आला, आणि उरलेलं शहर आगीत गेलं. फ्रेंच लेखक व्होल्तेरने त्यावर संतापाने कविता लिहिली: सगळं भल्यासाठीच चाललंय म्हणणाऱ्यांनो, या आणि हे मलबे बघा. पुढच्या वर्षी रूसो या विचारवंताने त्याला पत्रातून कळवलं, की सहा-सहा सात-सात मजल्यांची वीस हजार घरं निसर्गाने तिथे एकत्र बांधून ठेवलेली नव्हती.

रूसोचं म्हणणं एका इंजिनिअरला पटकन पटावं असं आहे. किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यमच होती. माणसं मारली ती घरांनी. मातीत रचलेल्या दगडाच्या जाडजूड भिंती, आणि वर माळवदाचा, म्हणजे सपाट धाब्याच्या छपराचा, मातीचा प्रचंड भार. भिंतींच्या जोडांना बांधून धरणारं काही नाही, त्यामुळे हादरा बसताच दगड सुटले आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. पण मी इथे रूसोबरोबर शेवटपर्यंत जाऊ शकत नाही. ती घरं लबाडीने बांधलेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शहाणपणाने बांधली होती, उन्हाळ्यात गारवा देणारी, शेतकऱ्याने हाताशी असलेल्या दगडमातीतून उभी केलेली. जमिनीखाली काय आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. माणसाच्या खात्यावर टाकता येईल तेवढं सगळं टाकलं, तरी बाकी उरतेच. ती कुणाची?

आपल्याकडे त्या बाकीचं उत्तर तयार असतं: पूर्वकर्म. ते हिणवण्यासारखं उत्तर नाही. ब्रह्मसूत्रांत हा आक्षेप थेट घेतलेला आहे, की जगात एवढी विषमता आणि एवढी क्रूरता असेल तर ब्रह्म पक्षपाती आणि निर्दय ठरेल. त्यावर सूत्र म्हणतं, "वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्". ईश्वर प्राण्यांच्या कर्माकडे पाहून निर्मिती करतो, म्हणून दोष त्याच्याकडे जात नाही. शंकराचार्य पावसाचा दृष्टान्त देतात. पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो, भात उगवेल की जव हे बीजावर ठरतं. मग पहिल्याप्रथम कर्म कुठून आलं, असं विचारलं तर पुढचं सूत्र सांगतं, संसार अनादि आहे. तर्क म्हणून हे बांधकाम पक्कं आहे. मला त्यात भेग सापडत नाही. पण त्याखाली कोण चिरडलं गेलं हे आपल्याच इतिहासात लिहून ठेवलेलं आहे.

१३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि वेठीला धरलेले मजूर खाली गेले. त्यांत चोखामेळा होते. ज्यांना पंढरीच्या देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांच्या अस्थी नामदेवांनी शोधून आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. विठ्ठल विठ्ठल असा आवाज येणाऱ्या अस्थी त्या चोखोबांच्या, ही कथा आपल्याला सगळ्यांना माहीत आहे आणि ती ऐकताना डोळे भरून येतात. मला मात्र त्या भिंतीचं काय, हे कुणीतरी विचारायला हवं होतं असं वाटतं. कोणी बांधायला लावली, कोणाच्या हुकमाने, किती घाईने? भक्तीची कथा इतकी सुंदर झाली की भिंत निर्दोष सुटली.

चोखोबांच्या नावावर एक अभंग आहे, त्यात ते आपल्या जातीला मागच्या जन्मीच्या कृष्णनिंदेचं फळ म्हणतात: "चोखा म्हणे विटाळ । आम्हां पूर्वींचें हें फळ". त्याच चोखोबांनी "कोण तो सोवळा कोण तो वोवळा" असंही विचारलं आहे, हे विसरून चालणार नाही. पण त्यांचा मुलगा कर्ममेळा देवापुढे उभा राहून काय म्हणतो? "आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती । जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता". एका घरात, एका पिढीच्या अंतराने, एकाने दुःखाचा हिशेब स्वतःच्या मागच्या जन्मावर लिहिला आणि दुसऱ्याने तो देवाच्या नावावर फिरवला. मला यातला कर्ममेळा जास्त श्रद्धावान वाटतो. लाज वाटण्याइतकं मन देवाला आहे, हे त्याने धरलेलं आहे. डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा आपला १९४८चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. ते त्या प्रश्नाचं उत्तर देवाकडे मागायला थांबले नाहीत, आणि त्यांचं ते न थांबणं मला पूर्ण समजतं.

मग कर्माचा विचार टाकूनच द्यायचा का? तुकोबांकडे पाहिलं की मला वाट दिसते. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचं सगळं गेलं: "दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली". मराठीत दुःखावर याहून उघडं वाक्य मला माहीत नाही. आणि हाच माणूस दुसऱ्या अभंगात म्हणतो, "बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली". बायको भुकेने गेलेल्या माणसाने दुष्काळाला बरं म्हणावं! पण तो हे म्हणतो ते फक्त स्वतःच्या दुःखाला. शेजाऱ्याच्या पोटातल्या भुकेला "बरें जालें" म्हणत नाही. दुसऱ्यांसाठी त्याचं बोलणं वेगळं आहे: "बुडती हे जन न देखवे डोळां । येतो कळवळा म्हणोनि". आणि सांगतात की आपल्या वाट्याची कर्जखतं त्याने इंद्रायणीत सोडून दिली. दुष्काळ देवाचा असेल, पण दुष्काळानंतरची वसुली माणसाची होती, आणि ती थांबवणं त्याच्या हातात होतं.

मला या विषयावर सांगायचं आहे ते एवढंच. कर्म, प्रारब्ध, देवाने घेतलेली परीक्षा, ही स्पष्टीकरणं ज्याचं दुःख त्याने स्वतःसाठी वापरावीत. त्याला त्यातून उभं राहायला बळ मिळत असेल, तर कुणी त्याच्याशी वाद घालू नये. तीच स्पष्टीकरणं दुसऱ्याच्या दुःखाला लावली, की ती त्याच्या छातीवरचा आणखी एक दगड होतात. कोपरीच्या आजींनी "विठ्ठलाच्या मनात असेल ते" म्हणणं ही त्यांची निष्ठा आहे. मी माझ्या अहवालात ते लिहिलं तर तो गुन्हा आहे.

यामुळेच पसायदानातली एक ओळ मला दिवसेंदिवस अधिक कठीण वाटू लागली आहे. "जे खळांची व्यंकटी सांडो । तयां सत्कर्मी रती वाढो". ज्ञानदेवांनी खळांचा नाश मागितला नाही, हे आपण कौतुकाने सांगतो. पण त्याचा अर्थ असा, की खळ राहणार. त्याचं वाकडेपण जाईपर्यंत तो सिमेंट खाणार, सह्या विकणार, आणि मधल्या काळात भिंती पडत राहणार. शीळ फाट्याच्या बातम्या पाहताना ही ओळ म्हणून बघा, घशात अडकते. तरीही मला वाटतं की ज्ञानदेवांना हे पुरतं कळत होतं. ज्या मुलांच्या आईवडिलांना समाजाने देहान्त प्रायश्चित्त घ्यायला लावलं, असं परंपरा सांगते, त्यातला एक मुलगा हे मागतो आहे. वाईट माणसाला नष्ट करणं देवाला सोपं असेल. त्याने स्वतःहून सरळ व्हावं, हे मागणं देवालाही अवघड पडावं असं आहे, कारण तिथे देवाला माणसाच्या होकाराची वाट पाहावी लागते.

आणि तरीही माझी एक बाकी सुटत नाही. माझ्या नात्यातला एक मुलगा, वय पाच, रक्ताच्या कर्करोगावर खारघरच्या टाटाच्या केंद्रात उपचार घेतोय. तिथे ना बिल्डर, ना रेती, ना कुणाची सही. पेशी विभागताना कुठेतरी चूक झाली आणि ती वाढत गेली. यात कुणाचं स्वातंत्र्य जपलं जातंय? माणसाचं मन घडावं म्हणून जगात दुःख आहे, असं म्हणणारी एक जुनी परंपरा आहे, पण पाच वर्षांच्या मुलाचं काय घडवायचं आहे सुया टोचून टोचून? त्याच्या आईने एकदा मला विचारलं, "ताई, तू एवढं वाचतेस, तूच सांग ना, का?" मी तिला म्हटलं, मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे असं ते म्हणतील त्यांचं ऐकू नकोस. मग आम्ही प्लेटलेट्स द्यायला पुढच्या आठवड्यात कोण कोण येऊ शकेल याची यादी करत बसलो.

मी देव मानायचं सोडलेलं नाही. पण त्या मुलाचा विषय निघाला की हात जोडून जे तोंडात येतं ते "लाज न ये तुमचे चित्ता" हेच येतं, आणि मी ते गिळत नाही. आईला हे अजिबात पसंत नाही. ती म्हणते, देवाला असं बोलू नये, त्या पोराला लागेल. मी म्हणते, जनाबाईने "अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या" म्हटलं होतं, तिला काय लागलं? आई म्हणते, ती जनाबाई होती. यावर माझ्याकडे उत्तर नसतं, पण मी बोलायचंही थांबवत नाही.